किती उरलेत त्याचे?

“किती उरलेत गं त्याचे?”

आमच्या जादूगाराने हे विचारलं तेव्हा मी पडद्याआड बसून एका ओग्रचे, म्हणजे दांडग्या, रानटी दैत्याचे, हिट पॉइंट खोडत होते. हिट पॉइंट म्हणजे तो मरेपर्यंत किती मार सोसेल तो आकडा. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो, आणि गोष्ट सांगणारा, समोरचे मॉन्स्टर खेळवणारा तो गेम मास्टर. आमच्याकडे ती मी. पडदा म्हणजे गेम मास्टरचा, पुठ्ठ्याचा, तीन घड्यांचा. त्याच्या आड माझी वही, वहीत ओग्रच्या नावापुढे ५९ हा आकडा आणि त्याखाली वजाबाक्यांची उतरंड. पडद्यापलीकडे चौघं. कुणीतरी वीस बाजूंचा फासा टाकायचं, घाव लागला की हुकला ते मी सांगायचे, लागला तर किती ते त्यांनी सांगायचं, मी वजा करायचे. मग माझा फासा. मग पुन्हा त्यांचे. पाऊण तास हेच. जादूगार चालवणारी मैत्रीण मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. पाळी आली की मान वर, फासा, पुन्हा मान खाली. हा प्रश्नसुद्धा तिने मान खाली ठेवूनच विचारला.

त्या ओग्रबद्दल मी आदल्या रात्री दोन पानं लिहिली होती. टोळीने हाकलून दिलेला, एकटं राहायची धास्ती घेतलेला ओग्र. गुहेत सोबत हवी म्हणून त्याने एक बकरी पाळली होती आणि कितीही भूक लागली तरी तिला तो हात लावत नव्हता. फार छान लिहिलंय असं मला वाटलं होतं. त्यातलं एक अक्षर टेबलावर उतरलं नाही. उतरला तो ५९. बकरी कोपऱ्यात उभी होती, पण तिच्याकडे कुणी बघितलंही नाही, कारण मी तिला काही कामच दिलं नव्हतं.

तेव्हा मला मैत्रिणीचा राग आला होता. आता वाटतं, तिने अगदी बरोबर विचारलं. तिच्यासमोर मी जे ठेवलं होतं त्याबद्दल विचारण्यासारखं तेवढंच होतं.

या वजाबाकीचं मूळ पुढे कधीतरी वाचनात आलं आणि हसू आलं. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे नियम छापले. ते होते टेबलावर मांडायच्या छोट्या सैनिकांच्या लढायांचे. शेवटी एक पुरवणी, तिच्यात ड्रॅगन, ट्रोल, जादूगार वगैरे मंडळी. त्या खेळात साध्या सैनिकाला घाव लागला की तो मेला, विषय संपला. डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना घेऊन तळघरांतल्या मोहिमा खेळवायला लागला तेव्हा पंचाईत झाली. खेळाडू एकेका पात्रात जीव गुंतवायचे आणि ते एका फाशात जायचं. मग आर्नेसनने आरमारी लढायांच्या खेळातली एक युक्ती उचलली. चिलखती जहाजाला गोळा लागला म्हणून ते लगेच बुडत नाही, काही गोळे सोसतं. तसंच माणसाचं करू. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसनचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला तो हे हिट पॉइंट घेऊनच.

म्हणजे माझा ओग्र हे मुळात एक जहाज होतं! मग तो जहाजासारखा वागला यात नवल काय? जहाजाला भूक नसते, भीती नसते, बकरी नसते. तरंगतंय तोवर तोफा डागायच्या आणि एका क्षणी बुडायचं. ५९ पॉइंट असताना ओग्र जेवढ्या जोराने सोटा फिरवतो तेवढ्याच जोराने एक पॉइंट उरल्यावरही फिरवतो. पात्रांना हा नियम वरदानासारखा आहे, मॉन्स्टरला मात्र तो ओंडका करून टाकतो. त्याला जहाजातून बाहेर काढून पुन्हा जनावर कसं करायचं, या एका गोष्टीमागे मी गेली काही वर्षं लागले आहे.

त्याच सुरुवातीच्या काळातला रस्ट मॉन्स्टर मला या बाबतीत गुरुस्थानी आहे. त्याची जन्मकथाही मजेदार. गायगॅक्सला स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी मिळाली होती, हाँगकाँगला बनलेली, वर नाव काहीतरी प्रागैतिहासिक प्राणी वगैरे, आत मात्र जगात कधीच नसलेली चित्रविचित्र ध्यानं. त्यातल्या एका शेपटीला पंखा असलेल्या ध्यानातून रस्ट मॉन्स्टर झाला, एकातून घुबडाच्या तोंडाचं अस्वल, एकातून जमिनीखालून शार्कसारखा पोहत येणारा बुलेट. आधी खेळणं, मग त्याची कथा. ज्यांना वाटतं की आधी खंडभर इतिहास लिहिल्याशिवाय मॉन्स्टर उभा राहत नाही, त्यांनी या पिशवीकडे एकदा बघावं.

रस्ट मॉन्स्टर लोखंड खातो. मिशांसारख्या स्पर्शिका धातूला लागल्या की गंज चढतो. एवढंच. तुम्हाला मारण्यात त्याला काडीचा रस नाही, तुमचं चिलखत त्याला जेवण वाटतं. आता बघा टेबलावर काय होतं. ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा योद्धा किंचाळत मागे पळतो. फाटका जादूगार, ज्याला नेहमी सगळ्यांच्या मागे लपवतात, तो लाकडी काठी घेऊन पुढे होतो. कुणीतरी चिलखताचे बंद सोडायला लागतं. कुणीतरी पिशवीतले लोखंडी खिळे त्याच्यापुढे फेकतं, कुत्र्याला टाकल्यासारखे. त्याचे हिट पॉइंट किती हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. त्याची सगळी कथा, काय खातो, कशाने खातो, कशाचा वास येतो, त्या एका नियमात मावली आहे. वेगळी पानं लिहावी लागत नाहीत.

जिलेटिनस क्यूब त्याच जातीचा. दहा फुटी चौकोनी, पारदर्शक लिबलिबीत ठोकळा, आणि तळघरातल्या बोळांची रुंदीही बरोबर दहा फूट. तळघर झाडून काढायला कुणी नेमलाय असं वाटावं इतका चपखल. निसर्गशास्त्र शोधायला गेलात तर काही सापडत नाही, पण बोळ रिकामा दिसतोय आणि मधेच एक सांगाडा अधांतरी तरंगतोय, हे वर्णन करून मी गप्प बसले की टेबलावर जी शांतता पसरते तिला तोड नाही.

निसर्गशास्त्राचा अट्टाहास पुढे आला. १९८३ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात पियर्सर या प्राण्याच्या जीवनक्रमावर एक लेख आला आणि त्यातून अशा लेखांची मालिकाच सुरू झाली. पियर्सर म्हणजे गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यासारखा दिसणारा प्राणी. खालून कुणी गेलं की अंगावर पडतो. प्रश्न साहजिक आहे: नेम चुकला तर पुढे काय? तर तो गोगलगायीच्या गतीने भिंत चढून पुन्हा छताला जातो. मला हे वाचून त्याची इतकी दया आली की तेव्हापासून माझ्या गुहांमध्ये भिंतीवर अर्ध्यात पोचलेला एखादा पियर्सर असतोच. खेळाडू त्याला मारत नाहीत. एकदा कुणीतरी उचलून वर लावूनही दिला होता.

कथा आणि नियम यांची गाठ सर्वांत घट्ट बसते ती मर्मस्थानाच्या बाबतीत. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, पोपटात राक्षसाचा जीव. खेळातला लिच हा मेलेला जादूगार हेच करतो, आपला आत्मा एका पेटीत ठेवतो. पेटी शाबूत आहे तोवर तुम्ही त्याला कितीदाही मारा, तो नवं शरीर घेऊन परत येतो. मग लढाई लिचशी होते ती नावापुरती. खरी मोहीम पोपटाची. जरासंधाच्या कुस्तीतही तेच. चिरलेली शकलं पुन्हा जुळतात हे बघून भीम हतबल होतो, तेव्हा कृष्णाने काडी उभी चिरून तुकडे उलटसुलट टाकले, असं कथेकरी सांगतात. मला तो प्रसंग वाचताना नेहमी गेम मास्टर आठवतो, जो खेळाडूंची दमछाक बघून शेवटी पडद्यावरून डोकं वर काढून खूण करतो. खूण करायला हरकत नाही. फक्त ती काडीइतकी बारीक हवी.

अडचण अशी की मर्म एकदा फुटलं की फुटलं. ट्रोलचं तसं झालंय. तोडलेला अवयव पुन्हा वाढतो आणि जाळल्याशिवाय मरत नाही, हा ट्रोल गायगॅक्सने पॉल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून घेतला. २०१४ च्या नियमांत त्याला ८४ हिट पॉइंट आहेत आणि दर पाळीला १० परत मिळतात. आग किंवा आम्लाचा मार बसला तर तेवढ्या पाळीपुरतं भरणं थांबतं. पन्नास वर्षांपूर्वी हे शोधून काढताना काय थरार असेल! आज ट्रोल म्हटलं की पहिल्यांदा खेळायला बसलेलं पोरही मशाल काढतं. मग नाटक सुरू होतं. “माझ्या पात्राला हे माहीत नाहीये,” असं प्रामाणिकपणे म्हणणारा खेळाडू तीन फेऱ्या तलवार चालवतो आणि चौथ्या फेरीत त्याच्या हातातून मशाल ‘चुकून’ निसटते. सगळे हसतात, मीही हसते, पण ट्रोल तेव्हाच मेलेला असतो.

एकदा मी किल्लीच बदलली. माझ्या ट्रोलच्या जखमा पाऊस अंगावर असेपर्यंत भरतात. आग लागली तर तो फक्त चिडतो. हे कुणाच्या तोंडून सांगितलं नाही. वाटेत ट्रोलचे तीन सांगाडे ठेवले: एक पडक्या गोठ्याच्या छपराखाली, एक पुलाच्या कमानीत, एक कपारीत. लढाई मुसळधार पावसात, उघड्या चौकात. मशाल वाया गेली, विझली. दोन फेऱ्या हाणामारीत गेल्या. मग आमची चोर एकदम म्हणाली, “ती हाडं सगळी आडोशाला होती.” त्यानंतरची लढाई म्हणजे एका ट्रोलला धर्मशाळेच्या दारातून आत ढकलण्याची झटापट होती, तो चौकट धरून बसलाय, हे त्याच्या बोटांवर मारताहेत. ट्रोल तोच, ८४ चाच. पण आता जागेला अर्थ आला होता. कोण कुठे उभं आहे, याने फरक पडत होता.

एक स्पष्टीकरण इथे द्यायला हवं. मी सगळीकडे मॉन्स्टर म्हणतेय, राक्षस म्हणत नाहीये. आमच्या टेबलावर तसाच रिवाज पडला, कारण या खेळात ‘राक्षसा’ नावाचा एक वेगळाच मॉन्स्टर आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याचं चित्र आहे, डेव्हिड ट्रॅम्पियरने काढलेलं: वाघाचं डोकं, अंगात श्रीमंती कोट, तोंडात चिलीम. पुढे त्याचे तळहातही उलटे झाले. गायगॅक्सने तो घेतला रामायणातून नव्हे, तर ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागावरून. त्या भागातला राक्षस तुमच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन येतो आणि मंत्रवलेल्या बाणाने मरतो. खेळातही तसंच ठेवलंय. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी चिडले होते. आपलं माणूस परदेशी जाऊन नाव तेच ठेवून चेहरा बदलून यावं आणि आपल्याला ओळखही दाखवू नये, तसं वाटलं. पण चीड बाजूला ठेवून खेळवून बघितला तर कसब मान्य करावं लागलं. विश्वासातल्या माणसाचं रूप ही एकच गोष्ट अशी आहे की त्याच्याशी लढाई पहिला फासा पडायच्या तीन सेशन आधीच सुरू झालेली असते. खेळाडूंना पत्ता नसतो इतकंच. मारीचाचं सोनेरी हरिण आठवा, रचना तीच.

आणि आपल्या राक्षसांकडे परत वळले तेव्हा मला घटोत्कच नव्याने दिसला. लढाई रचण्याचं यापेक्षा सुंदर उदाहरण मला तरी माहीत नाही.

चौदाव्या दिवसाची रात्र. सूर्य मावळला तरी युद्ध थांबलेलं नाही, आणि रात्री राक्षसांचं बळ वाढतं. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती आहे, एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली. घटोत्कच कौरवसेनेची अशी दाणादाण उडवतो की सगळे कर्णाला विनवतात, वापर ती शक्ती, आत्ताच वापर, सकाळ कुणी बघितलीय. कर्ण वापरतो. घटोत्कच पडतो, आणि पडताना शरीर अवाढव्य करून शत्रुसैन्यावरच कोसळतो. पांडव रडताहेत, कृष्ण आनंदाने नाचतोय.

यात काय नाही! रात्र म्हणजे परिस्थितीने मिळणारं बळ. मरताना कोसळणं म्हणजे मृत्यूनंतरचा शेवटचा घाव, जो कित्येक मॉन्स्टरांच्या माहितीत आज वेगळा छापलेला असतो. पण खरी गोम त्या एकदाच चालणाऱ्या शक्तीत आहे. आमच्या खेळात दिवसभरात मोजकेच मोठे मंत्र मिळतात. २०१४ च्या गेम मास्टरच्या ग्रंथाने हिशेब दिलाय की खेळाडूंच्या साधारण टोळीला एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया झेपतात. म्हणजे पहिल्या पाच-सहा लढायांनी कुणाला मारणं अपेक्षितच नाही. त्यांनी मंत्र जाळायचे, औषधं संपवायची, म्हणजे शेवटच्या लढाईत हात रिकामे असतील. कागदावर ठीक आहे. टेबलावर या ‘झिजवणाऱ्या’ लढाया म्हणजे बहुतेक वेळा कारकुनी. माझा ओग्रही असाच मधल्या खोलीत नेमलेला कारकून होता. व्यासांनी ती झीज अशी रचली की कर्णाला पूर्ण माहीत आहे तो काय गमावतोय, आणि तरीही हात थांबवता येत नाही. मधली लढाई रचायला बसले की आता मी वहीत आधी एकच ओळ लिहिते: यांच्याकडची कुठली शक्ती यांना अर्जुनासाठी ठेवायची आहे? मग तिच्यावरच घाला.

आता थोडं गणित, आणि ते मी झटपट उरकणार आहे. एक मॉन्स्टर विरुद्ध चार पात्रं असली की एका फेरीत त्याची एक चाल, यांच्या चार. तो कितीही बलाढ्य असो, चार चालींपुढे एक चाल हरते. त्यात कुणी त्याला एक फेरी जखडून ठेवलं तर खेळ खलास. नुसते हिट पॉइंट वाढवले तर हरणं लांबतं, बदलत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हे ओळखून मॉन्स्टरांना भूमिका वाटून दिल्या: कुणी दांडगा, कुणी दबा धरणारा, कुणी लांबून मारणारा, आणि एका फटक्यात मरणारे किरकोळ सोबती. मला ही आवृत्ती मनापासून आवडते, हे कबूल करून मी अनेक मित्र गमावलेत. पण तिच्याही एकट्या मोठ्या मॉन्स्टरांच्या लढाया सुरुवातीला इतक्या रेंगाळायच्या की पुढच्या ग्रंथांत आकडे दुरुस्त करावे लागले. २०१० च्या तिसऱ्या मॉन्स्टर ग्रंथात मार वाढवला गेला. २०१४ मध्ये ड्रॅगनसारख्यांना इतरांच्या पाळीच्या शेवटी करायच्या जादा चाली मिळाल्या, आणि दिवसातून तीनदा ‘मंत्र लागला नाही’ असं म्हणायची मुभा. जादा चाली उत्तम. ती मुभा मात्र मला आळशीपणाची वाटते. जादूगाराने आठवडाभर जपलेला मंत्र टाकावा आणि मी नुसतं “नाही लागला” म्हणावं? मी दरवेळी त्याची खूण ठेवते. पहिल्यांदा ड्रॅगनचं एक शिंग तडकतं, दुसऱ्यांदा एक डोळा विझतो. वाया काहीच जात नाही, आणि खेळाडूंना आकडा न सांगता कळतं की किती उरलेत.

मॉन्स्टरला जहाजातून बाहेर काढायचा खरा मार्ग याहून जुना निघाला. १९८१ साली टॉम मोल्डवेने संपादित केलेल्या बेसिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरपुढे मनोधैर्याचा एक आकडा आहे, २ ते १२ मधला. मॉन्स्टरांच्या टोळीतला पहिला पडला की दोन साधे, सहा बाजूंचे फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली की उरलेले पळतात. निम्मे पडले की पुन्हा. गॉब्लिन या टोळीने राहणाऱ्या बुटक्या मॉन्स्टरचा आकडा ७. म्हणजे पहिला गॉब्लिन पडताच बाकीचे पळून जायची शक्यता सुमारे ४२ टक्के! शिवाय त्या नियमांत एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभव गुण (पात्र बलवान व्हायला लागतात ते) मिळायचा आणि गॉब्लिन मारल्याबद्दल अवघे पाच. म्हणजे खजिना हळूच उचलून निघून जाण्यात शहाणपण होतं, लढण्यात तोटा. पुढच्या आवृत्त्यांत सोन्याचे गुण मागे पडले, मारण्याचे गुण मुख्य झाले, मनोधैर्याचा आकडा प्रत्येकाच्या माहितीतून गेला. आणि गॉब्लिन शेवटच्या माणसापर्यंत लढायला लागले. का? त्यांचं तिथे काय अडलं होतं?

मी तो नियम परत आणला त्या दिवसापासून लढाया निम्म्या वेळात संपू लागल्या आणि दुप्पट लक्षात राहू लागल्या. पळालेला गॉब्लिन ही चालती-बोलती अडचण असते. तो कुणाला तरी सांगणार. त्याच्या पाठीमागे जायचं की नाही यावर वाद. पकडला तर तो बोलणार, खोटं बोलणार, रडणार. १९८७ च्या ‘ड्रॅगन’मधल्या एका संपादकीयात टकर नावाच्या गेम मास्टरच्या कोबोल्डांची हकीकत आली होती. कोबोल्ड म्हणजे खेळातले सर्वांत फुसके, पण हे आपल्या बिळांतून लढणारे. जाळपोळ करायचे, भिंतीतल्या भोकांतून बाण सोडायचे, आणि समोर कधी यायचेच नाहीत. बलाढ्य वीरांची पळता भुई थोडी झाली. त्या कोबोल्डांचा एकही आकडा कुणी वाढवलेला नव्हता. फक्त त्यांना मरायचं नव्हतं.

तो ओग्र आज पुन्हा मिळाला तर मी काय करीन ते मला नेमकं माहीत आहे. तीस पॉइंट खाली आला की तो सोटा टाकून देईल आणि बकरीकडे धावेल. तिला काखेत मारून दाराकडे. पाठमोरा. मारायला अगदी सोपा.

गेल्या महिन्यात मी रक्तबीज रचला. नाव सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याचाही ट्रोल झाला असता. मातकट रंगाचा, पापुद्र्यासारख्या कातडीचा कुणीतरी, जो लढाईत हात पसरून तलवारीसमोर येतो. त्याला घाव हवे असतात. रक्ताचा थेंब जमिनीला लागला की तिथून त्याच्यासारखाच एक उठतो. देवीमाहात्म्यातले रक्तबीज तोडीस तोड होते. तेवढं माझ्या चौघांना झेपलं नसतं, म्हणून मी चौथ्या आवृत्तीचे ते एका फटक्यात मरणारे सोबती घेतले आणि त्यांच्या रक्तातून आणखी उपजणार नाहीत असं ठरवलं. ग्रीकांच्या हायड्राचंही असंच, डोकं तोडलं की दोन उगवतात, पण तिथे जखम जाळली की भागतं. इथे चूक जखम करण्यातच आहे. माझ्या खेळाडूंना येणारी एकमेव गोष्ट म्हणजे जखम करणं.

पहिल्या फेरीत योद्ध्याने घाव घातला, नऊ. एक उठला. चोराने सुरा फेकला, सहा. आणखी दोन उठले, थेंब उडाले होते. तिसऱ्या घावासाठी योद्ध्याने फासा उचलला आणि तो हातातच राहिला. “अगं, हा रक्तबीज आहे,” तो म्हणाला, आणि सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट! पण माहीत असून उपयोग काय, टेबलावर काली कुणीच नव्हतं. थेंब पिणार कोण? यावर जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मग योद्ध्याने तलवार खाली ठेवली आणि सरळ मिठी मारली. कुस्ती. माझा मॉन्स्टर घावांसाठी रचलेला, त्याला मिठीचं काय करावं ते कळेना, मलाही. त्याने स्वतःचीच जीभ चावायचा प्रयत्न केला. चोराने त्याच्या तोंडात आपला बोळा कोंबला आणि मग जे केलं ते मी आजवर एकाही लढाईत बघितलं नव्हतं: शत्रूच्या दोन्ही जखमांना पट्ट्या बांधल्या. काळजीपूर्वक.

“जमिनीला लागलं तरच ना?” जादूगार म्हणाली. मोबाइल कुठे होता कोण जाणे. तिच्याकडे तरंगती तबकडी नावाचा एक पहिल्या पायरीचा मंत्र आहे, लूट वाहून नेण्यापलीकडे कुणी त्याला विचारत नाही. जमिनीपासून तीन फुटांवर तरंगणारी थाळी, पाचशे पौंड पेलणारी. तिने मला विचारलं याचं वजन किती. मी वहीत बघितलं. त्याचा जन्म, त्याचा शाप, त्याची आई, सगळं होतं, वजन नव्हतं. मी म्हटलं, दोनशे. त्यांनी त्याला मुटकुळं करून दोरांनी बांधून तबकडीवर ठेवला. सोबती केव्हाच संपले होते. वहीत त्याच्या नावाखाली दोनच वजाबाक्या होत्या, नऊ आणि सहा, आणि तो बोळ्यामागून काहीतरी पुटपुटत होता. सगळे दमून बसले.

तेव्हा चोराला आठवलं की तो मंत्र एक तासच टिकतो. तिने जादूगाराकडे बघितलं, जादूगाराने माझ्याकडे.

“किती उरलीत गं?”